नकाशा कोणासाठी?

फौजेत हल्ल्याआधी वाळूचं मॉडेल करतात. टेकडी, नाला, शत्रूचं ठाणं. जवान भोवती बसतो, आपली वाट बोटाने दाखवतो. बिझनेस आर्किटेक्चरही तसंच हवं. १९८७ साली झॅकमन यांनी आपली चौकट मांडली. तेव्हापासून चौकोन वाढतच गेलेत!

मालकाला 'व्हॅल्यू स्ट्रीम' ऐकवू नका. विचारा, ऑर्डर आल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत काम कुठे अडतं? तिथे लाल खूण करा. एका वाहतूक कंपनीत ती बिलिंगवर पडली. सही झालेली पोहोच पावती परत येईपर्यंत बिलच निघत नव्हतं, आणि नवं सॉफ्टवेअर घेणार होते गोदामासाठी! हिशेबाच्या बाईंनी तो कागद स्वतःच बैठकीत मांडला. खरेदी थांबली.