चालकाविना मेट्रो आणि आपण
(धंतोली, नागपूर येथे महिला गटांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथून जवळच काँग्रेसनगरचं मेट्रो स्टेशन आहे. 2019 पासून धावणाऱ्या नागपूर मेट्रोत बायाही गाडी चालवतात. ही जागा सहज मिळालेली नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये रेल्वेत रुजू झाल्या. त्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या एका नोकरीच्या काळात चालकाची केबिन बाईला उघडली आणि केबिनच जाण्याची वेळही आली. दिल्लीत 28 डिसेंबर 2020 ला मॅजेंटा मार्गावर चालकाविना गाडी सुरू झाली. मुंबईच्या मेट्रो 2अ आणि 7 च्या गाड्याही तशाच बांधलेल्या आहेत. 2022 मध्ये त्या सुरू मात्र चालकासह झाल्या.

अशी गाडी आपला ठावठिकाणा रेडिओनं सतत कळवते. पुढच्या गाडीचं अंतर पाहून संगणक वेग ठरवतो, ब्रेक लावतो, दारं उघडतो. म्हणून माणसं लागत नाहीत असं नाही. ती नियंत्रण कक्षात आणि डेपोत लागतात. तिथे बाई असेल का, हा आपला प्रश्न.

गिरण्यांचा अनुभव आठवा. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बाया मोठ्या संख्येनं होत्या. नवी यंत्रं आली, पाळ्या वाढल्या, रात्रपाळीला बाईला कायद्यानं मनाई होती. आधी त्यांचीच कामं गेली. यंत्राचं शिक्षण पुरुषांना मिळालं. यंत्र पक्षपात करत नाही, ते आणणारे करतात.

याउलट पॅरिसला 2012 पर्यंत जुना पहिला मार्ग पूर्ण स्वयंचलित झाला. तिथे युनियनशी आधी बोलणी झाली आणि चालकांना दुसरी कामं मिळाली.

दुसरी बाब सुरक्षिततेची. रात्री दहाच्या रिकाम्या डब्यात मदतीचं बटण आहे, पण धावून येणारं कोण? माझ्या कामात भेटणाऱ्या सफाई कामगार बाया कंत्राटी आहेत. गाडीत, फलाटावर वावरणारं माणूसही उद्या कंत्राटीच ठेवलं, तर त्या बाईची सुरक्षितता कोण पाहणार?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. स्वयंचलनापूर्वी महिला चालकांना नियंत्रण कक्षाचं आणि देखभालीचं प्रशिक्षण द्या. शेवटच्या गाडीपर्यंत गाडीत कायम नोकरीवरचं माणूस ठेवा. रात्रपाळीनंतर घरी पोचवण्याची सोय करा.

सुरुवात आपण माहितीच्या अधिकारातल्या एका अर्जानं करू या: नागपूर मेट्रोत चालक, नियंत्रण कक्ष आणि डेपो या तिन्ही ठिकाणी बाया किती, आणि त्यांतल्या कायम किती? उत्तर आलं की पुन्हा बसू.