न भुंकणाऱ्या कुत्र्याचे घराणे

मुरुडला संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेलात, तर कुत्री तुमच्या आधी तिथे हजर असतात. होडी किनाऱ्याला लागली, मासळीची पाटी उतरली, की त्यांची सभा भरते; आणि मग जो गजर होतो तो काही विचारू नका. अशा गावात राहणाऱ्या माणसाला "जगात न भुंकणारा कुत्राही आहे" असं सांगितलं, तर तो आधी त्याचा पत्ता विचारील!

आहे असा कुत्रा. बेसेंजी त्याचं नाव, आणि काँगोचं अरण्य हे त्याचं घर. आता जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. तेव्हा त्यांच्याबरोबर हा प्राणी इकडे आला असेल काय, अशी शंका कोणाला येईल. पण सिद्दींचं मूळ सांगतात ते अबिसीनियाचं, आफ्रिकेच्या पूर्व अंगाचं. आणि काँगो पडला मध्यावर. शिवाय आमच्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचा आवाज ऐकला की नात्याचा प्रश्नच उरत नाही.

बेसेंजी दिसायला मोठा ऐटबाज. उंची सुमारे 17 इंच, वजन 11 किलोच्या आसपास, कान ताठ, शेपटी चकलीसारखी वळून पाठीवर टेकलेली, आणि कपाळावर एखाद्या तत्त्वज्ञासारख्या आठ्या. मांजराप्रमाणे स्वतःचं अंग चाटून स्वच्छ ठेवतो. मुका मात्र नव्हे. त्याच्या कंठाची घडण निराळी आहे, त्यामुळे तो भुंकत नाही. आनंद झाला की तान घेतल्यासारखा सूर काढतो. काँगोतले शिकारी सावज जाळ्याकडे हाकण्यासाठी त्याला सोडतात, आणि कुत्रा झाडीत कुठे आहे ते कळावं म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात.

युरोपियनांना या कुत्र्याची भूल पडली. 1895 साली काही कुत्री इंग्लंडात नेली, पण ती डिस्टेंपरने दगावली. पुढे 1937 साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात बेसेंजी झळकला, आणि 1943 साली अमेरिकन केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. नोंदवही उघडली, आणि लवकरच बंदही झाली. म्हणजे असं, की ज्याचे आईबाप वहीत, त्याचंच नाव वहीत. आफ्रिकेतून आलेली मूळ कुत्री मूठभर. पाश्चात्त्य देशांतला पुढचा सारा विस्तार त्या मूठभरांचा.

आता विजेता नर ठरतो कसा, ते पाहू. परीक्षक कुत्र्याचे दात पाहतो, हाडापेराची बांधणी हाताने चाचपतो, रिंगणात त्याला चालवून पळवून घेतो. निरनिराळ्या परीक्षकांकडून प्रमाणपत्रं मिळाली की कुत्रा 'चँपियन' होतो. बहुधा वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच. मग मादीवाले दाराशी येऊ लागतात. मालक रोख फी घेतो, नाहीतर वेतातलं पसंतीचं एक पिल्लू. यात गैर काही नाही. उत्तम नर शोधावा, ही इच्छा स्वाभाविकच आहे.

पण मादीचा आणि नराचा हिशेब सारखा नाही. इतर जातींच्या माद्या बहुतेक वर्षातून दोनदा माजावर येतात. बेसेंजी मादी साधारण एकदाच येते. जन्मभरात तिची वेतं चार-पाच झाली तरी पुष्कळ. नराला असं बंधन नाही. मादीत दोष असला तर तो एका घरापुरता राहतो. नराचा दोष पाहता पाहता जातीभर पसरतो, आणि तोही चषकाच्या जोरावर.

बेसेंजीत तसंच झालं. फॅन्कोनी नावाचा मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक विकार या जातीत शिरला होता. रक्तातली साखर ठीक, तरी साखर लघवीवाटे वाहून जाते. तिच्याबरोबर शरीराला हवी असलेली इतर द्रव्यंही जातात. कुत्रा घटाघटा पाणी पितो आणि खंगत जातो. आता औषधोपचाराने आयुष्य वाढवता येतं, पण रोग मुळातून जात नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. हा विकार दिसू लागतो तो बहुधा चौथ्या वर्षानंतर, पुष्कळदा पाचव्या-सहाव्या वर्षी. म्हणजे तिसऱ्या वर्षी चषक मिळाला, चौथ्यात पन्नास-शंभर पिल्लं झाली, आणि सहाव्यात कळलं की बापच रोगी!

बरं, बाप स्वतः रोगी असायलाही नको. दोष आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून आला तरच रोग होतो. एकाच बाजूने आला तर कुत्रा धडधाकट राहतो, फक्त दोष पुढे पोचवतो. त्याला आपण वाहक म्हणू. समजा, एका वाहक विजेत्याकडे 40 निर्दोष माद्या आल्या आणि प्रत्येकीला 5 पिल्लं झाली. झाली 200. त्यांतली अंदाजे 100 वाहक, पण आजारी एकही नाही. सगळीकडे वाहवा! पुढे हीच सावत्र भावंडं एकमेकांना लावली, की सरासरीने सोळा पिल्लांत एक आजारी निघतं. तोवर आजोबांची तसबीर चषकासह भिंतीवर लागलेली असते, आणि तिच्याकडे बोट दाखवण्याचं कोणाला सुचत नाही.

आमच्या मुरुड-अलिबागकडचा वाडीवाला या बाबतीत अधिक शहाणा, असं मला वाटतं. बियाण्याचा नारळ तो नुकत्याच धरू लागलेल्या माडाचा कधी घेणार नाही, मग त्याला पहिल्या वर्षी कितीही फळ येवो. वीस-पंचवीस वर्षं वाऱ्यापावसात उभा राहिलेला, नेमाने धरणारा, कीड न लागलेला माड तो हेरतो, आणि त्याचा नारळ रुजत घालतो. माडाला त्याने रिंगणात फिरवलेलं नसतं; त्याचं आयुष्य पाहिलेलं असतं.

कोणी म्हणेल, आता चाचणी आहे की! आहे खरी. फॅन्कोनीची पहिली जनुकीय चाचणी 2007 साली अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातून आली, आणि 2011 साली तिच्याहून नेमकी. पण चाचणी हाती आली म्हणून सगळे वाहक बाद करू नयेत. बेसेंजीवाल्यांनी पूर्वी एका रक्तविकाराच्या बाबतीत तसं केलं. पुष्कळ चांगली कुत्री प्रजननातून काढून टाकली, घराणं आणखी आखूड झालं, आणि दुसरे दोष वर यायला वाट मिळाली. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर एकही पिल्लू आजारी होत नाही. शिवाय चाचणी ओळखते ती माहीत असलेला दोष. जो अजून कोणाला माहीतच नाही, तो वयच दाखवील.

1987-88 साली काही अमेरिकन मंडळी थेट तेव्हाच्या झाईरमधल्या खेड्यांत गेली आणि तिथली कुत्री घेऊन आली. ना वंशावळ, ना कागद. शुद्धतेच्या अभिमान्यांना ते रुचेना. तरी 1990 साली अमेरिकन क्लबने बंद वही या नवागतांसाठी उघडली, आणि वाघासारख्या पट्ट्यांचा रंगही त्यांच्याबरोबर मान्य झाला. ज्यांना कोणी चषक दिला नव्हता, अशा गावठी कुत्र्यांनी विजेत्यांच्या घराण्यात नवं रक्त घातलं.

हे सगळं परदेशातलं झालं. पण आपल्या घरीही एक तोलामोलाचं घराणं आहे: मराठवाड्यात, दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर वाढलेला कारवानी कुत्रा. उंच, सडपातळ, पोट आत ओढलेलं, नजर दूरवर लागलेली. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याला आश्रय दिला. मालोजीरावांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली असं सांगतात. 2005 साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचं तिकीट काढलं. एक संस्था त्याला कारवान म्हणते, दुसरी मुधोळ म्हणते. त्या वादात मला गोडी नाही. कुत्र्याला तर नाहीच नाही.

याचं बळ एवढंच, की तो वाड्या-वस्त्यांवर विखुरलेला राहिला. शिकारी आणि धनगर यांनी त्याची पारख पळण्यावरून केली. वन्यजीव कायद्याने सशाची शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याबरोबर ती जुनी पारखही मागे पडली. आता उरलं रिंगण. मैलभर पळण्यासाठी घडलेल्या प्राण्याची परीक्षा आपण दोरी धरून मांडवात वीस पावलांत घेतो. अशा वेळी दोन-तीन बक्षीसवाल्या नरांकडे सगळ्यांनी धाव घेतली, तर बेसेंजीची कथा मराठीतून पुन्हा सांगावी लागेल.

कारवानी मादी तुमच्या घरी असेल, तर नराच्या मालकाला चषक किती ते मागाहून विचारा. आधी विचारा, याचा बाप आहे का? नसला तर कशाने गेला, आणि कितव्या वर्षी? याच्या पहिल्या वेतातली पिल्लं आज कुठे आहेत? आणि एखाद्या वाडीवर आठ-नऊ वर्षांचा, मुस्कटावर पांढरे केस आलेला, पण अजून बकऱ्यांमागे दिवसभर चालणारा नर असेल, तर त्याची चौकशी जरूर करा. मालकाला नवल वाटेल. म्हाताऱ्या कुत्र्याला सहसा कोणी मागणी घालत नाही.