शहाण्यांची सुटी
(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



वाचनालयात बोलावयाचे म्हणजे वाचणाऱ्यांपुढे बोलावयाचे. म्हणून सरकारवरील टीका आज बाजूस ठेवून आम्ही आपल्याच वर्गाची, म्हणजे वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि संपादक यांची झडती घेणार आहोत.

१२ मे २०१८ रोजी कर्नाटक विधानसभेचे मतदान झाले. तो दुसरा शनिवार. त्यास रविवार जोडून आलेला. आमच्या परिचयाचे एक विद्वान गृहस्थ शुक्रवारी रात्रीच सहकुटुंब आंबोलीस गेले. निकालानंतर भेटले, तेव्हा मराठी माणसाच्या अधोगतीवर त्यांनी आम्हांस अर्धा तास ऐकविले! त्या निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. या पराभवास आमच्यातील फूट फार मोठे कारण झाली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु फुटीला शिव्या देण्याचा अधिकार आंबोलीहून परतलेल्यांस कोणी दिला?

"एका मताने काय होते?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच, घाटाखाली आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेश राहण्याचे दोन पाने. फुलास १,३८,१७० मते पडली, पानांस १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचे. आता दुसरा आकडा ऐका. मतदार होते ३,८८,४३२ आणि मतदान झाले ३,१७,६३३. म्हणजे ७०,७९९ माणसे मतपेटीपर्यंत पोचलीच नाहीत! ते सारे फुलाचेच होते, असा पोरकट दावा आम्ही करणार नाही. त्यांत आजारी असतील, परगावी गेलेले असतील, पानांचे अभिमानीही असतील. परंतु ज्या अंतराने एका प्रदेशाचे भवितव्य ठरले, त्याच्या दुपटीहून अधिक लोक त्या दिवशी बाहेर राहिले, आणि तेही शंभरांतील सुमारे ब्याऐंशी जणांनी मतदान केले असता, हे कोणास नाकारता येईल?

"पण आपला उमेदवार पडणारच," असे दुसरे शहाणे म्हणतात. येथे आम्हांस थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही आपल्या मागणीची चार तत्त्वे. पहिली तीन नकाशात आणि शिरगणतीच्या कोष्टकांत सापडतात. चौथे कोठे सापडावयाचे? २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेथे वकील युक्तिवाद करतील, परंतु लोकेच्छा वकिलास निर्माण करता येत नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत ती दिसते खरी; पण फेरीतील माणसे पोलीस एका हिशेबाने मोजतात आणि आमचे वार्ताहर दुसऱ्या! मते मात्र सरकारच मोजते आणि सरकारच प्रसिद्ध करते. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीचा तरुण उमेदवार पडला. तथापि त्यास मिळालेली एक लाख सतरा हजारांवर मते सरकारी दप्तरात कायमची नोंदली गेली. ती कोणास पुसता यावयाची नाहीत.

उमेदवारच पसंत नाही म्हणावे, तर २०१३ पासून "वरीलपैकी कोणीही नाही" असे बटणही यंत्रावर आले. तेव्हा तीही सबब गेली.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. १९३५ च्या कायद्याखाली मताधिकार सरसकट नव्हता. कर, मालमत्ता आणि शिक्षण पाहून तो मिळे. त्या काळी शिकलेला मतदार होता, आणि त्याच्या शेतावर राबणारा कुळवाडी नव्हता. राज्यघटनेने त्या कुळवाड्यास मत दिले. आज येळ्ळूरची म्हातारी नातवाचा हात धरून भर उन्हात रांगेत उभी राहते, आणि ज्यास आजोबांपासून मत आहे तो टिळकवाडीत पंख्याखाली वर्तमानपत्र वाचीत बसतो. आमचेच वर्तमानपत्र वाचीत असला, तरी आम्हांस त्यात समाधान नाही.

नाव यादीत नसल्याचा शोध पुष्कळांस मतदानाच्या सकाळी लागतो. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांस अठरा पूर्ण होणाऱ्यांची नावे घेण्याची सोय झाली आहे. बाहेर दाराशी टेबलावर या प्रभागाची यादी ठेवली आहे. आपले, घरातल्या सुनेचे आणि नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलाचे नाव तीत आहे की नाही, हे पाहूनच चपला घालाव्यात.