मोटारीचें ओझें

गेल्या महिन्यांत आमच्या इमारतीच्या अंगणांत एक गृहस्थ नवी मोटार घेऊन आले. हार घालून झाला, पेढे वांटून झाले, आणि मग शेजाऱ्यांपैकीं एकानें, आपल्याकडे नव्या गाडीची परीक्षा ज्या रीतीनें होते त्या रीतीनें, बोटांच्या पेरांनीं पुढच्या झांकणावर टकटक करून पाहिलें व मान हलविली. "पत्रा पातळ आहे. पूर्वींच्या गाडीचा पत्रा कसा, खणखणीत!" त्याच वेळीं माझा नातू शाळेंतून मिळालेला लोहचुंबक घेऊन गाडीभोंवतीं फिरत होता. चुंबक दाराला चिकटला, पण पुढच्या बंपरला कांहीं केल्या चिकटेना. "आजोबा, हें लोखंडच नाहीं!" असें तो ओरडला, तेव्हां मालकाचा चेहरा जरासा उतरला. जड म्हणजे मजबूत, आणि हलकें म्हणजे फसवणूक, ही समजूत आपल्या मनांत इतकी खोल रुजली आहे. आज मी बोलणार आहें तें या समजुतीविषयीं.

मोटार हलकी कां असावी, हें समजण्यास शाळेंतलें पदार्थविज्ञान पुरेसें आहे. १,००० किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली असतां तिच्या ठिकाणीं जी शक्ति सांठलेली असते, ती तीच गाडी सुमारें १४ मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत, उचलण्यास पुरेल इतकी असते. चौकांतला तांबडा दिवा लागला कीं आपण ब्रेक दाबतों, आणि ही सारी शक्ति ब्रेक तापविण्यांत खर्ची पडते. दिवा हिरवा झाला म्हणजे पेट्रोल जाळून गाडी पुन्हां गच्चीवर चढवावयाची! वेग निम्मा असला तरी एक मजला आहेच. शहरांतल्या तासाभराच्या प्रवासांत हा उद्योग किती वेळां होतो, तें श्रोत्यांनींच मोजावें. विजेवर चालणाऱ्या गाड्या या शक्तीचा कांहीं भाग परत मिळवितात, पण सगळा नाहीं. शिवाय त्यांच्या विद्युत्घटांचेंच वजन कांहीं शें किलो असतें. गाडीचें वजन शेंकडा १० नें घटविलें तर इंधन शेंकडा ६ ते ८ वांचतें, असा अमेरिकेच्या ऊर्जाखात्याचा अंदाज आहे. आणि या काटकसरीला व्याजहि मिळतें, कारण अंग हलकें झालें कीं इंजिन लहान चालतें, इंजिन लहान झालें कीं त्याला पेलणारा सांगाडा व ब्रेक हलके चालतात.

असें असूनहि गाड्या जडच होत गेल्या आहेत. १९७४ सालची पहिली फोक्सवॅगन गोल्फ सुमारें ८०० किलोंची होती. त्याच नांवाची आजची गाडी १,२०० किलोंच्या पुढें गेली आहे. आपली १९८३ सालची मारुति ८०० तर सुमारें ६५० किलोंतच बसत होती. वातानुकूलन, अपघातांत फुगणाऱ्या पिशव्या, आवाज अडविणारे थर, रुंद चाकें, यांपैकीं कांहीं गोष्टी आवश्यक आहेत आणि कांहीं केवळ हौसेच्या. एका हातानें वांचवावें व दुसऱ्या हातानें उधळावें, असा हा संसार आहे.

आतां पत्र्याकडे वळूं. पोलाद पाण्याच्या सुमारें पावणेआठ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, कांचेचे तंतु राळेंत बसवून केलेला पदार्थ जवळजवळ दुप्पट, आणि कार्बनचे तंतु राळेंत बसविले तर १.६ पट. पण केवळ हे आंकडे पाहून चालत नाहीं. पत्रा अंगठ्यानें दाबला तर दबतां कामा नये, हा ताठपणा महत्त्वाचा. ॲल्युमिनियमचा अंगचा ताठपणा पोलादाच्या एक-तृतीयांश. मग जिंकलें काय? येथें गणित मदतीस येतें. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादापेक्षां सुमारें दीडपट जाड घेतला कीं तो तितकाच ताठ होतो, आणि वजन मात्र निम्म्याच्या आसपासच राहतें. आमच्या शेजाऱ्यांनीं पत्र्याची जाडी हीच बळकटीची खूण मानली. पण जाडी, वजन आणि ताठपणा हीं तीन निरनिराळीं मापें आहेत.

तंतु आणि राळ यांच्या संयोगाचें शास्त्र आपल्या आज्यांना ठाऊक होतें. चुलीची माती मळतांना त्या तींत भाताचा तूस आणि शेण मिसळीत, म्हणजे चूल तडकत नसे. कांच ठिसूळ असते ती तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म तड्यांमुळें. कांचेचा तंतु जितका बारीक तितका तो बळकट, हें ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२० च्या सुमारास फार्नबरो येथें प्रयोगानें दाखविलें. असे हजारों तंतु राळेनें एकत्र बांधले म्हणजे एक तुटला तरी त्याचा भार राळ शेजारच्या तंतूंवर सोंपविते, आणि तडा वाटेंतच अडतो. एकत्र कुटुंबाची उपमा सुचते, पण ती अनेकांना रुचणार नाहीं. म्हणून सोडून देतों.

मोटारीच्या अंगावरचें पोलाद प्रथम उतरलें तें बहुधा टंचाईमुळें, हें मला या इतिहासांत सर्वांत मौजेचें वाटतें. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलाद मापून मिळे, आणि विमानांचे कारखाने थंडावल्यामुळें ॲल्युमिनियम मात्र मुबलक होतें. म्हणून १९४८ सालची लँड रोव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें अंग लेवून बाहेर पडली. त्याआधीं १९४१ सालीं अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांनीं सोयाबीनचा उपयोग करून बनविलेल्या पत्र्यांची एक गाडी लोकांस दाखविली होती; पण युद्ध आलें आणि ती कल्पना तेथेंच राहिली. १९५३ सालीं शेव्हरोले कंपनीनें कांचतंतूंच्या अंगाची कॉर्व्हेट ही गाडी काढली. पहिल्या वर्षीं अवघ्या ३०० गाड्या झाल्या, आणि त्या सगळ्या पांढऱ्या.

खरी गरिबाची गोष्ट पूर्व जर्मनींतील त्राबांट या गाडीची. पोलादी पत्रा पश्चिमेकडून मिळेना. तेव्हां झ्विकाऊ येथील कारखान्यानें रशियांतून येणारा कापसाचा टाकाऊ चोथा घेतला, त्यांत फेनॉलची राळ मिसळली आणि तापलेल्या सांच्यांत दाबून दारें, छप्पर व झांकणें तयार केलीं. आंतला सांगाडा तेवढा पोलादाचा. गाडीचें वजन सुमारें ६०० किलो. १९५७ पासून १९९१ पर्यंत अशा सुमारें तीस लाख गाड्या झाल्या, आणि नांव नोंदवून लोक दहा-दहा वर्षें वाट पाहत असत. जगानें या गाडीची थट्टा पुष्कळ केली. तिचा धूर व तिचा आवाज यांचें समर्थन मी करणार नाहीं. पण तिच्या त्या कापसाच्या अंगाला गंज कधीं चढला नाहीं. संकट उभें राहिलें तें गाडी मेल्यावर. एकदां भट्टींत घट्ट झालेली ती राळ पुन्हां वितळत नाहीं, आणि जाळावी तर विषारी धूर होतो. पोलादाची मोडकी गाडी भंगारवाला आनंदानें नेतो. हें अंग त्याच्या कामाचें नव्हे. ही अडचण अशा राळेच्या सर्व पदार्थांना आजहि थोडीफार आहेच.

हलकें म्हणजे कमकुवत, या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९८१ च्या सप्टेंबरांत, इटलींतील मोन्झा येथील शर्यतींत. मॅक्लॅरन संघासाठीं जॉन बर्नार्ड यांनीं त्या वर्षीं चालकाची पेटी कार्बनतंतूंची केली होती. ती भांडीं फुटतात तशी फुटेल, अशी अनेकांना धास्ती होती. मोन्झा येथें जॉन वॉटसन यांची गाडी कठड्यावर आदळली, इंजिनासकट मागचा भाग तुटून वेगळा झाला, आग दिसली. आणि वॉटसन मात्र त्या पेटींतून निघून आपल्या पायांनीं चालत गेले. पुढें शर्यतीच्या सर्वच गाड्यांनीं हा मार्ग धरला.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. २,००० किलोंची आणि १,००० किलोंची अशा दोन गाड्या ताशीं ५० किलोमीटर वेगानें समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेनें ताशीं सुमारें १७ किलोमीटर वेगानें सरकतात. म्हणजे जड गाडींतील माणसाच्या वेगांत ३३ चा फरक पडला, हलक्या गाडींतील माणसाच्या वेगांत ६७ चा. हें गणित कोणताहि कारखाना बदलूं शकत नाहीं. म्हणूनच शेजाऱ्यानें जड गाडी घेतली कीं आपणहि जड घ्यावी असें प्रत्येकाला वाटतें, आणि रस्त्यावर ओझ्याची चढाओढ लागते. ही चढाओढ थांबविणें एकेकट्या गिऱ्हाइकाच्या हातीं नाहीं. तें कायद्याचें आणि कराचें काम आहे, असें माझें मत आहे. मात्र झांकणाचा पत्रा जाड असल्यानें या टकरींत कांहीं साधत नाहीं. जीव वांचवितो तो आंतला बळकट पिंजरा, आणि पुढचा भाग शिस्तीनें चुरगळण्याची त्याची योजना.

मग सगळ्याच गाड्या कार्बनच्या कां होत नाहींत? बी.एम्.डब्ल्यू. कंपनीनें २०१३ सालीं आय-३ ही विजेची गाडी काढून तो प्रयत्न केला. तंतूंचा कच्चा माल जपानांतून निघे. अमेरिकेंत मोझेस लेक येथें, नदीच्या पाण्यापासून केलेल्या विजेवर, तो भाजून कोळशाचा होई. आणि कापड व सांचेकाम जर्मनींत. विद्युत्घटासह गाडी सुमारें १,२०० किलोंत बसली, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु २०२२ सालीं तिचें उत्पादन बंद झालें, आणि कंपनीनें पुढच्या गाड्यांत कार्बनचा पिंजरा संपूर्ण असा पुन्हां वापरला नाहीं. हवा न लागूं देतां हजार अंशांहून अधिक उष्णतेंत तंतु भाजावयाचे, हें काम खर्चाचें आहे. पोलादाचा पत्रा दाबयंत्राखालीं क्षणांत आकार घेतो; राळेला घट्ट होण्यास वेळ लागतो, आणि कारखान्यांत वेळ म्हणजे पैसा. फोर्ड कंपनीनें मधला मार्ग घेतला. २०१५ सालच्या आपल्या एफ-१५० या मालवाहू गाडीचें अंग तिनें ॲल्युमिनियमचें केलें, आणि वजन ३०० किलोंहून अधिक उतरलें. ॲल्युमिनियम खनिजांतून काढण्यास वीज भारी लागते. पण जुनें वितळवून पुन्हां वापरलें तर त्याच्या सुमारें विसाव्या हिश्शांत काम भागतें. भंगारवाल्यालाहि तें प्रिय आहे.

आपल्याकडे १९८२ सालीं बंगळूरच्या सिपानी कंपनीनें कांचतंतूंच्या अंगाची डॉल्फिन ही छोटी गाडी विकावयास काढली होती. लोकांनीं तिला "फायबरची गाडी" म्हटलें, आणि त्या म्हणण्यांत कौतुकापेक्षां शंका अधिक होती.

जातां जातां आमच्या शेजाऱ्यांविषयीं एक शब्द. तंतु आणि राळ यांचे थर आंतून सुटले असले तर तें वरून दिसत नाहीं. पत्र्यासारखा पोंचा पडत नाहीं, रंगहि शाबूत राहतो. अशा वेळीं जाणकार तपासनीस हातांत एक नाणें घेतो आणि त्या भागावर बोटभर अंतरानें टकटक करीत जातो. निरोगी जागीं स्पष्ट आवाज येतो, थर सुटलेल्या जागीं तो बसका होतो. विमानांच्या कारखान्यांतहि हीच रीत चालते. तेव्हां आमचे शेजारी टकटक करीत होते तें अगदींच वायां नव्हतें. फक्त ती त्यांनीं पोलादी झांकणावर केली. नातवाला मीं हें सांगितलें, तेव्हां तो चुंबक खिशांत घालून पांच रुपयांचें नाणें मागूं लागला.