बोंडअळीचा धडा गोठ्यात विसरू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही, गोठ्याबद्दल बोलायचे आहे. आपण कोरडवाहू माणसे. पाऊस हुकला, कापूस गेला, ज्वारी काळी पडली, की घर चालते ते शेळी विकून नाहीतर दुधावर. त्या जनावराला आतून जंत आणि बाहेरून गोचीड खात असतील तर आपली शेवटची ठेवही गेली.

गोचीड नुसते रक्त पीत नाहीत. त्यांच्यामुळे संकरित गाईला गोचीड ताप येतो आणि उपचाराला उशीर झाला तर गाय दगावते. म्हणून आपण फवारतो. काय फवारतो? सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन. नावे ओळखीची वाटली ना? वाटणारच. याच जातीची औषधे आपण कापसावर मारली. १९८७ साली आंध्रच्या कापूस पट्ट्यात हिरवी बोंडअळी त्यांना दाद देईना. २००२ साली बीटी बियाणे आले. पुढे शेंदरी अळीने तेही पचवले. आता गोचिडांचे तेच चालले आहे. या औषधांना न जुमानणारे गोचीड देशात अनेक ठिकाणी आढळले आहेत. शेळ्यामेंढ्यांचे जंतही नेहमीच्या औषधांना सरावले आहेत.

अशा वेळी ‘नॅनो’ हा शब्द कानावर येतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. ज्वारी अख्खी शिजवली तर वेळ लागतो, पीठ केले तर लगेच शिजते. बारीक केल्याने पाणी सगळीकडून लागते. पाण्यात नीट न विरघळणारे जंताचे औषध असेच बारीक केले तर थोड्या मात्रेत जास्त लागू पडेल, ही शास्त्रज्ञांची एक वाट. दुसरी वाट चांदीचे किंवा जस्ताच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कणच वापरण्याची. तमिळनाडूतल्या संशोधकांनी लाजाळूच्या पानांच्या अर्कातून चांदीचे असे कण तयार केले. गोचिडाची पिल्ले त्यांनी मरतात, हे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले.

आम्ही विज्ञानाला विरोध करणारे नाही. नवे तंत्र शेतकऱ्याच्या हातात आलेच पाहिजे. पण प्रयोगशाळेत पिल्लू मेले म्हणजे गोठ्यातला गोचीड मेला असे होत नाही. औषध दुधात किती उतरते? चांदी जिवाणूंना मारते. मग शेणखतातून ती शेतात गेली तर मातीतल्या जिवाणूंचे काय? गुरामागे खर्च किती? ही उत्तरे मिळाल्याशिवाय ‘नॅनो’ लिहिलेल्या बाटलीला खिशातला पैसा देऊ नका.

आणि औषध कितीही नवे असो, वापर जुनाच राहिला तर तेही वाया जाईल. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर बीटीची १२० ग्रॅमची पुडी मिळायची. आपल्यापैकी किती जणांनी ती पेरली? साध्या अळ्या शिल्लक राहाव्यात, पचवणाऱ्या अळ्यांचेच राज्य होऊ नये, म्हणून ती पुडी होती. शेळ्यांतही तेच गणित आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी पापणीच्या आतला रंग ताडून पाहायला पाच रंगांचा तक्ता केला. पापणी पांढुरकी पडलेल्या शेळीलाच औषध. लालसर पापणीच्या धडधाकट शेळीला नाही. औषध न पाहिलेले जंत उरतात आणि औषध जास्त वर्षे चालते.

गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते. गाय धुतली आणि भेगा तशाच ठेवल्या, तर काम अर्धेच झाले. भेगा लिंपा. मात्रा जनावराच्या वजनावर ठरवून घ्या. कमी मात्रेने शत्रू मरत नाही, तयार होतो. आणि कापसाच्या फवारणीची बाटली जनावराच्या अंगाला कधीही लावू नका.

आमची मागणी सरळ आहे. नव्या औषधांच्या चाचण्या आमच्या कोरडवाहू गावांतल्या गोठ्यांत, आमच्या समोर व्हाव्यात, आणि निकाल, चांगला असो वा वाईट, मराठीत आमच्या हाती द्यावा. शेतात ठेच लागली ती अंधारात चालल्यामुळे. गोठ्यात तरी डोळे उघडे ठेवून चालू या.