कळंबच्या पोटातले पाणी

कळंबचा चिंतामणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चक्रावती नदीकाठच्या या देवळात पायऱ्या उतरून खाली जावे लागते. तिथे कुंड आहे. काही वर्षांनी कुंडाचे पाणी चढले की दर्शनाला रीघ लागते. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे राहू द्या. मला मात्र तिथे भूजलाची पातळी उघड्या डोळ्यांनी दिसते.

या भागाखाली काळा दगड, म्हणजे बसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो झाला. याच जिल्ह्यात वणीकडे गेलात तर कोळसा आणि चुनखडी सापडते. कळंबच्या वाट्याला आला हा दगड, आणि तो झिजून झालेला मुरूम.

अखंड काळ्या दगडात पाणी मावत नाही. ते राहते मुरमात आणि वरच्या भेगाळलेल्या थरात. तेही किती? मुरमातून निघणारे पाणी साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एका हेक्टरखाली पातळी एक मीटर चढली, तर हाती येते दोन लाख लिटर. तासाला वीस हजार लिटर ओढणारा पंप ते दहा तासांत संपवतो!

मग शेतकरी बोअर खोल नेतो. खाली भेग लागलीच तर ठीक, नाहीतर पैसा दगडात जातो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट किंवा त्याहून खोल विहिरींना मनाई केली, ती उगीच नव्हे. (पाणाड्याच्या नारळाला ही मर्यादा ठाऊक नसते, ही गोष्ट वेगळी.)

पण बोअरवर बोलतो तितके आपण मुरमावर बोलत नाही. रस्त्याच्या भरावासाठी बरडावरचा मुरूम ट्रॅक्टरने जातो. बरड पडीक दिसते, म्हणून कुणाला वाटतही नाही की पाण्याची टाकीच उचलून नेली. पावसाळ्यात तिथे मुरणारे पाणी उघड्या दगडावरून नाल्याला लागते, आणि उतारावरची विहीर लवकर आटते.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. त्याच महिन्यांत तुम्हीही दोरीला दगड बांधून आपली विहीर मोजा, वहीत लिहा. गावात मुरमाच्या खदानीचा विषय निघाला की ती वही ग्रामसभेत घेऊन जा.