अरण्य आणि अंगण
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी इमारतींचे, निकालांचे आणि पारितोषिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु साठ वर्षे चाललेल्या शाळेने अशा वेळी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ज्यांना सभेत उभे राहता येत नाही, अर्ज करता येत नाही, मत देता येत नाही, त्यांच्या वतीने कोण बोलते? प्रत्येक शाळेच्या आवारात असे दोघे असतात. एक लहान मूल आणि दुसरे झाड. या दोघांसाठी उभ्या राहिलेल्या तीन स्त्रियांची आठवण आजच्या दिवशी उचित ठरेल.

दिवस होता २६ मार्च १९७४. आजच्या उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेच्या काठी रैणी नावाचे गाव आहे. त्या दिवशी गावातले पुरुष घरी नव्हते. सरकारने पूर्वी घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून त्यांना चमोलीला बोलावले होते. जवळच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झालेला होता. गाव रिकामे पाहून ठेकेदाराचे मजूर कुऱ्हाडी घेऊन जंगलाकडे निघाले. त्यांना प्रथम पाहिले ते एका लहान मुलीने. ती धावत महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवी यांच्याकडे गेली. हातची कामे टाकून पंचवीस-तीस बायका आणि मुली जंगलात पोहोचल्या. त्यांना दमदाटी झाली, बंदूकही रोखली गेली. पण त्या हलल्या नाहीत. रात्रभर त्यांनी पहारा दिला आणि अखेर मजुरांना परतावे लागले.

हे जंगल आमचा मायका आहे, असे गौरादेवींचे सांगणे होते. मराठी घरात या शब्दाचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. माहेर म्हणजे अडीअडचणीला हक्काने जाण्याची जागा. रैणीच्या स्त्रियांना चारा, सरपण आणि औषधी वनस्पती त्या जंगलातून मिळत. शिवाय जुलै १९७० मध्ये अलकनंदेला आलेला प्रलयंकारी पूर त्या खोऱ्याच्या स्मरणात ताजा होता. उतारावरची झाडे गेली की मुळांनी धरलेली माती सुटते; माती सुटली की पावसाळ्यात डोंगर खाली येतो. पुढे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचा अहवालही या स्त्रियांच्या म्हणण्याला दुजोरा देणाराच आला आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील व्यापारी वृक्षतोड दहा वर्षांसाठी थांबवण्यात आली.

या घटनेचे कौतुक करताना एक चूक सहज घडते. स्त्रीचे मन मूळचे कोमल, म्हणून तिला झाडांचा कळवळा आला, असे म्हटले जाते. हे वाक्य गोड आहे, पण अपुरे आहे. गौरादेवी शाळेत शिकल्या नव्हत्या. तरी त्या जंगलाविषयी त्यांना जे ठाऊक होते, ते लिलाव करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. गवताचा भारा किती दूरवरून आणावा लागतो, कोणता झरा कधी आटतो, कोणता उतार ठिसूळ आहे, हे रोज तिथे राबणाऱ्या बाईला कळते. कळवळा होताच, पण त्यांच्या बोलण्याला बळ आले ते या ज्ञानामुळे.

मुलांच्या बाबतीत हेच बळ दिसते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात. ताराबाई मराठी, पण त्यांच्या बालशिक्षणाच्या कार्याचा पाया घातला गेला गुजरातेत, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत, गिजुभाई बधेका यांच्या सहवासात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. मात्र शहरातल्या बालमंदिरांवर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ मध्ये त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताईंची साथ लाभली. अनुताईंचे लग्न बालपणी झाले होते आणि वैधव्यही बालपणीच आले होते. बालपण हिरावले जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपासच्या पाड्यांवरची आदिवासी मुले शाळेत येत नसत. त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असा शेरा मारून काम संपवता आले असते. या दोघींनी मुले कुठे आहेत ते पाहिले. ती पाड्यावरच्या अंगणात होती, म्हणून बालवाडी अंगणात भरली. ती गुरांमागे कुरणात होती, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड होते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. महागडी शैक्षणिक साधने परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने आणि फुले हीच साधने झाली. ज्या मुलाला शहाणी माणसे अडाणी समजत होती, त्याला बियांची आणि पानांची ओळख आधीच होती. शाळेने त्या ओळखीचा मान राखला. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

रैणी आणि कोसबाड यांच्यात शेकडो कोसांचे अंतर आहे. माणसांची भाषा वेगळी, निसर्ग वेगळा. तरी एक धागा सामायिक आहे. या स्त्रिया बोलण्यापूर्वी ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांच्याजवळ गेल्या, तिथे राहिल्या आणि त्यांची गरज नीट समजून घेतली. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार असा मिळतो. आणखी एक गोष्टही दिसते. ज्या अंगणातले झाड तुटते, त्याच अंगणातल्या मुलाची सावली जाते. म्हणून मुलाची बाजू आणि झाडाची बाजू या दोन निराळ्या बाजू मानता येत नाहीत.

परंतु एकदा बोलून काम संपत नाही, हेही रैणीनेच शिकवले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच ऋषिगंगेला अचानक लोंढा आला. वरच्या पर्वतावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला होता. रैणीजवळचा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. अशा नाजूक खोऱ्यात कोणती बांधकामे करावीत, याविषयी गावकऱ्यांनी आधीच हरकती घेतल्या होत्या. १९७४ मध्ये त्या गावाचे ऐकले गेले. पुढे तितके ऐकले गेले नाही.

पालकहो, ऐकण्याची ही कसोटी शाळेलाही लागते. पालकसभेत गुणांची चर्चा मोठ्या आवाजात होते. त्याच सभेत मागच्या बाकावरची एखादी आई हळूच सांगते की मूल रात्री दचकून उठते, किंवा पाच वर्षांच्या बोटांना इतके लिखाण झेपत नाही. तिचे वाक्य इतिवृत्तात येते का? वाहने उभी करायला जागा हवी म्हणून आवारातले जुने झाड पाडण्याचा ठराव येतो, तेव्हा त्या झाडाखाली डबा खाणाऱ्या मुलांना कोणी विचारते का? मूल कोणत्या दिवशी उपाशी आले, हे वर्गशिक्षिकेच्या आधी शाळेतल्या सेविकेला कळते; तिला कोणी बोलावून घेते का? शाळेची खरी परीक्षा या साध्या प्रश्नांतून होते आणि तिचा निकाल कोणत्याही फलकावर लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी आज अभियंते आहेत, कोणी अधिकारी, कोणी व्यावसायिक. नकाशावर रेघ ओढण्याचा आणि कागदावर सही करण्याचा अधिकार तुमच्या हाती आला आहे. सही करण्यापूर्वी त्या जागी एकदा स्वतः जाऊन यावे. तिथे गवत कापणारी, पाणी भरणारी, मूल कडेवर घेतलेली बाई भेटेल. तिला वेळ द्यावा आणि तिचे म्हणणे टिपून घ्यावे.

रैणीच्या त्या सकाळी सर्वांत आधी धावली ती एक लहान मुलगी. तिला धावत यावेसे वाटले, कारण आपले म्हणणे ऐकले जाईल असा तिला भरवसा होता. या शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला तसा भरवसा वाटावा. पुढच्या वर्षांसाठी शाळेने याहून मोठा संकल्प करण्याची गरज नाही.